लिलावातली परात आणि पाच टँकर पाणी



मागच्या दिवाळीआधी माझा भाचा पुण्याहून छोटा टेम्पो घेऊन टेंभुर्णीला आला. जुनं फर्निचर घ्यायचं, डागडुजी करायची आणि विकायचं, असा त्याचा धंदा आहे. पुण्या-मुंबईत हल्ली घरसामान भाड्यानं सांभाळणारी गोदामं निघाली आहेत. बदली झाली, परदेशी जायचं आहे, घर पाडून नवं बांधायचं आहे, की लोक संसार तिथं नेऊन ठेवतात आणि महिन्याचं भाडं भरतात. काहींचं भाडं थकतं, फोन लागत नाही, आणि वर्ष-दीड वर्षानं गोदामवाला ते सामान लिलावात काढतो. भाच्यानं असाच एक लॉट घेतला होता. लोखंडी कपाट, पलंग, फ्रिज, मिक्सर, कपड्यांचं गाठोडं आणि चिकटपट्टी लावलेली पाच-सहा खोकी. "जसं आहे तसं, जिथं आहे तिथं" अशी अट. खोक्यांत काय आहे ते घेणाऱ्यालाही आधी माहीत नसतं.

"आत्या, तुला पितळ आवडतं ना," म्हणून त्यानं एका खोक्यातली परात काढून माझ्या ओट्यावर ठेवली. जुन्या घडणीची, जाड बुडाची. आता असं काम मिळत नाही. सूनबाई खूश झाली. म्हणाली, "आई, किती छान! नवीन घेतली असती तर तांबं खणा, जस्त खणा, भट्टी पेटवा. जुनं वापरलं की पर्यावरणाचं केवढं काम होतं."

तुमच्या मनात पहिला प्रश्न कोणता आला असेल ते मला कळतं, कारण माझ्याही मनात तोच आला. कुणाच्या घरातली, आणि तिच्यात काय काय झालं असेल? धातूचं भांडं आहे, राखेनं घासता येतं, विस्तवावर तापवता येतं. ते सगळं केलं. चिंच-मीठ लावून घासताना काठावरची अक्षरं वर आली. एका बाईंचं नाव, गाव, "सप्रेम भेट" आणि १९८४ साल. ते नाव इथं लिहीत नाही.

नाव वाचल्यावर माझा हात कणकेला जाईना. आपल्या रुखवताच्या भांड्यांवर नाव का घालतात ते आपल्याला ठाऊक आहे. पंक्तीला दिलेलं भांडं परत आपल्याच घरी यावं म्हणून. आणि ही परात पुण्याच्या गोदामातून टेंभुर्णीला आली होती.

सूनबाईचं म्हणणं चुकीचं नव्हतं, ते मी पुढं आकड्यांनी सांगतेच. पण या परातीनं मला बी.कॉम.च्या पुस्तकांपर्यंत मागं नेलं. व्यापारी कायदा नावाचा विषय आम्ही पाठ करून पास झालो होतो. चाळीस वर्षांत त्याचा उपयोग रेशनकार्डापलीकडे झाला नव्हता. आता माळ्यावरून पुस्तक काढलं.

१८७२ चा करार कायदा सांगतो की दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली तर ती आपल्या वस्तूइतक्याच काळजीनं सांभाळायची. कलम १७१ मध्ये धक्केवाल्यांसारख्या काही मंडळींना बाकी मिळेपर्यंत माल धरून ठेवायचा हक्क दिला आहे. पण धरून ठेवणं आणि विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकायचा हक्क कलम १७६ मध्ये आहे, आणि तो ज्याच्याकडे वस्तू तारण ठेवली आहे त्याला आहे. त्यानंही आधी वाजवी मुदतीची नोटीस द्यायची आणि बाकीपेक्षा जास्त रक्कम आली तर वरचे पैसे मालकाला परत करायचे. सोनेतारणाच्या लिलावाच्या जाहिराती पेपरात पानभर येतात त्या यासाठीच. गोदामवाल्याला विकायचं असेल तर तसं करारात लिहिलेलं लागतं किंवा एखाद्या खास कायद्याचा आधार लागतो. आपण सही करतो तो बारीक अक्षरांचा कागद म्हणूनच वाचावा.

दुसरा कायदा १९३० चा, मालविक्रीचा. त्याचं कलम २७ मला परीक्षेत आलं होतं. जो मालक नाही तो दुसऱ्याला मालकी देऊ शकत नाही. म्हणजे चोराकडून घेतलेली वस्तू पैसे मोजले तरी आपली होत नाही. आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत चोरून आणलेला माल घेणं हा एक आहेच. पाठशाळेत पोरांकडून आपण ते घोकून घेतो. जुनी वस्तू घेताना मात्र "स्वस्त मिळाली" एवढंच सांगतो.

आता थोडी आपल्याच भागाची गोष्ट, कारण लिलाव हा शब्द सोलापूर जिल्ह्याला नवा नाही.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं तेव्हा तिकडचा कापूस विलायतेला मिळेना. इथल्या कापसाला भाव आला, सावकारांनी सढळ हातानं कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव पडला, सरकारनं शेतसारा मात्र वाढवला. कर्ज फिटेना. मग फिर्याद, हुकूमनामा, जप्ती, लिलाव. जनावरं गेली, भांडी गेली, शेत गेलं. १२ मे १८७५ ला सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. हे सुपे आपल्यापासून फार लांब नाही, इंदापूर-बारामती ओलांडली की आलंच. दंगलकऱ्यांचा सगळा रोख कागदांवर होता. खतं, रोखे, वह्या रस्त्यावर आणून जाळल्या. माणसांना इजा त्या मानानं फार कमी झाली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. पुस्तकात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

ते सावकार कोण होते? बहुतेक मारवाडी आणि गुजराती. त्यांत आपल्या समाजाची घरं होती. आपल्याकडे हा इतिहास "आपल्यावर दंगा झाला" एवढाच सांगितला जातो. मी माहेरीही तसाच ऐकला. लिलावात घेतलेल्या भांड्यांची दुसरी बाजू कुणी सांगितली नाही. कुणाच्या तरी आजीच्या घरातली परात तेव्हाही दुसऱ्या घरात गेलीच असणार, आणि ती घेणाऱ्यानं वस्तू वाया गेली नाही म्हणून समाधानही मानलं असेल.

त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० आहे, ते प्रत्येक बाईनं वाचावं असं मला वाटतं. कर्जदाराची कुठली वस्तू जप्त करता येणार नाही याची त्यात यादी आहे. कर्जदार, त्याची बायको आणि मुलं यांचे अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाई अंगावरून उतरवत नाही ते दागिने. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं, बैल आणि बियाणं. ज्यानं ही यादी केली त्यानं जप्तीचं घर डोळ्यांनी पाहिलं असावं.

गोदामातलं सामान कोर्टाच्या जप्तीचं नसतं, त्यामुळं हे कलम तिथं लागत नाही. म्हणून तर खोक्यात परात आली.

दुसरा मोठा लिलाव बंदरावरचा. मुंबईत पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्ये झाला, प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये सुरू झाली. जहाजातून उतरलेला माल कुणी सोडवून नेला नाही की तो पडून राहणार आणि जागा अडवणार. आजचा कायदा १९६२ चा, सीमाशुल्काचा. उतरल्यापासून ३० दिवसांत माल सोडवला नाही तर नोटीस देऊन, अधिकाऱ्याच्या परवानगीनं तो विकता येतो. आलेल्या पैशातून विक्रीचा खर्च, जहाजाचं भाडं, सरकारी शुल्क, गोदामाचं देणं फेडायचं आणि उरलं तर मालकाला द्यायचं, असा क्रमच घालून दिला आहे. १९८९ पासून न्हावा शेवा बंदर सुरू झालं, तिथंही हेच. रेल्वे, एसटी, सरकारी कारखाने यांचा जुना माल आता बसल्या जागी कॉम्प्युटरवर लिलावात घेता येतो. १९६४ मध्ये स्थापन झालेली एमएसटीसी नावाची सरकारी कंपनी ते काम करते. अशा लिलावातल्या मालाचा कागद मिळतो, आणि घेणाऱ्याला रात्री झोप लागते.

चोरबाजारचं तसं नाही. मटन स्ट्रीटवर मीही एकदा गेले होते, लग्नानंतर दोन वर्षांनी, पितळी समई बघायला. तिथल्या नावाची एक गोष्ट सगळे सांगतात. विक्टोरिया राणी मुंबईला आली, तिचं व्हायोलिन जहाजातून उतरवताना हरवलं आणि या बाजारात सापडलं. गोष्ट गोड आहे, पण विक्टोरिया राणी हिंदुस्थानात कधी आलीच नाही. दुसरे सांगतात की मूळ नाव शोरबाजार, गोंगाटाचा बाजार, आणि त्याचं चोरबाजार झालं. काही असो. समई सुरेख होती, मी घेतली नाही. दुकानदाराला "कुठून आली" विचारलं तर तो हसला, आणि त्या हसण्यानं माझा बेत मोडला. कदाचित एखाद्या जुन्या वाड्यातून रीतसर विकत घेतलेलीही असेल. तेव्हापासून मी जुन्या वस्तूबद्दल हा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही.

अमेरिकेत तर गोदामांच्या लिलावाचा खेळच झाला आहे. २०१० पासून "स्टोरेज वॉर्स" नावाची मालिका टीव्हीवर आली. शटर वर करतात, लोक बाहेरूनच पाच मिनिटं डोकावतात आणि बोली लावतात. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीकडे असताना मी ती पाहिली. आत शिरलेला माणूस खोकी फोडतो, फोटोचे अल्बम बाजूला फेकतो, आणि हातोड्या-करवतीचा भाव सांगतो. घरातले सगळे हसत होते. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू.

आता आकडे. मी वाणिज्य शाखेची, जमाखर्चाशिवाय मला चैन पडत नाही.

भाच्याच्या लॉटमध्ये सुती कपड्यांचं जे गाठोडं होतं ते पाच किलोंचं. पाण्याच्या ठशाचा अभ्यास करणारी वॉटर फूटप्रिंट नेटवर्क नावाची संस्था सांगते, की एक किलो सुती कापडामागं जगाच्या सरासरीनं सुमारे १०,००० लिटर पाणी जातं. कापसावर पडलेला पाऊस, दिलेलं पाणी आणि रंगाईच्या घाणीला विरघळवायला लागणारं पाणी, सगळं धरून. एका टी-शर्टला सुमारे २,७०० लिटर. उन्हाळ्यात आपल्याकडे दहा हजार लिटरचा टँकर आला की गल्लीत काय होतं ते आपण पाहतो. पाच किलोंच्या गाठोड्यात असे पाच टँकर. उजनीच्या काठावर राहून टँकरची वाट पाहिलेल्या बाईला हा हिशेब लगेच कळतो.

कपाट ऐंशी किलोंचं धरा. खनिजापासून तेवढं पोलाद करायला शंभर किलोंहून जास्त लोहखनिज आणि साठ किलोंच्या आसपास कोळसा लागतो. कुणी म्हणेल, भंगारात दिलं तरी ते वितळून पुन्हा कामाला येतंच. येतं, पण भट्टी पेटवावी लागते. पितळेचंही तेच. आपण तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालतो तेव्हा घडणावळ जाते आणि भट्टीचं सरपण लागतं ते वेगळं. परात परात म्हणूनच वापरली तर यातलं काहीच लागत नाही. दुकानाच्या वहीत असं कपाट घसारा काढून काढून कधीच शून्यावर आलेलं असतं. प्रत्यक्षात त्याचं दार नीट लागतं आणि अजून तीस वर्षं लागेल.

फ्रिजच्या बाबतीत मात्र मी सूनबाईशी भांडले. तो जुना, स्टारचं लेबल येण्याआधीचा. ते लेबल २००६ मध्ये आलं. असा फ्रिज वीज जास्त खातो, आणि फार जुना असेल तर त्यातला वायू ओझोनच्या थराला घातक. १९८७ च्या माँट्रियल करारानं असे वायू बंद करायचं ठरलं ते त्यासाठीच. असला फ्रिज दुरुस्त करून कुणा गरिबाला विकला तर त्याच्या वीजबिलात आपण भर घालतो. तो रीतसर मोडणाऱ्याकडेच जायला हवा. भाचा म्हणाला, "आत्या, त्याचे साडेतीन हजार येतील." मी म्हटलं, येतील. शेवटी काय केलं ते त्यानं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आणखी एक खोट या हिशेबात आहे. जुनं घेतल्यामुळं नवं घेणं टळलं तरच पाणी वाचतं. जुन्या पाच साड्या स्वस्तात मिळाल्या म्हणून घेतल्या आणि लग्नसराईत नव्या पाच घेतल्याच, तर टँकर वाचला कुठं? आपल्या बोहारणीचं उदाहरण घ्या. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, दारात बसून तासभर घासाघीस. "ताई, या दोन पँटी अजून द्या, मग तो डबा." या बायकांपैकी पुष्कळ वाघरी समाजाच्या, मूळच्या गुजरातकडच्या. त्यांच्यामुळं आपले कपडे धुऊन, शिवून, इस्त्री होऊन दुसऱ्याच्या अंगावर गेले. दिल्लीतल्या अशाच वाघरी बायकांवर ल्युसी नॉरिस नावाच्या विदुषीनं संशोधन केलं, त्याचं पुस्तक २०१० मध्ये निघालं. आपण ज्यांच्याशी एका वाटीसाठी वाद घातला त्यांच्यावर परदेशात पुस्तक निघतं याची मला जरा लाजच वाटली. पण खरं सांगा, डब्यांच्या मोहानं आपण चांगले कपडेही काढले की नाही? माझ्या फळीवर झाकणाचे सतरा डबे आहेत आणि वापरात सहा.

जे अंगावर घालण्याजोगं उरत नाही त्याचीही वाट ठरलेली आहे. सुती लुगड्यांची वाकळ होते. लोकरीच्या चिंध्या पानिपतला जातात. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ आठवतं, पण आज तिथं जगभरातले जुने स्वेटर पिंजून, त्यांचं सूत काढून ब्लँकेटं विणतात. भूकंप-पुरात जी करडी ब्लँकेटं वाटतात त्यांत ही पुष्कळ असतात. चिंध्यांपासून लोकर करायची ही युक्ती १८१३ मध्ये इंग्लंडातल्या बॅटली गावच्या बेंजामिन लॉ यानं काढली. आपल्या आज्या वाकळी शिवत होत्या, त्यांचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

परातीचं काय झालं ते राहिलं.

मी भाच्याला सांगितलं, कपाट वीक, पलंग वीक, कपडे दे कुणाला, पण नावाच्या वस्तू आणि त्या खोक्यातले फोटो यांच्या मालकाला आधी विचार. तो म्हणाला, "आत्या, मी पैसे मोजलेत, पावती आहे. कायद्यानं माझंच आहे." खरंच होतं. मी कलम ६० चं पान उघडून त्याच्यापुढं ठेवलं. "हे इथं लागू नाही," असं तोही म्हणाला, कारण वकिलाच्या मुलीशी त्याचं लग्न झालंय. तरी पान वाचलं त्यानं.

गोदामवाल्यांनी पत्ता द्यायला नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. चिठ्ठी मात्र पुढं पाठवतो म्हणाले. दोन महिने काही नाही. परात मी देवघराच्या फळीवर उभी करून ठेवली होती. संक्रांतीच्या सुमारास एका गृहस्थांचा फोन आला. नाव त्यांच्या आईचं. त्या गेल्या, त्याच वर्षी यांची नोकरी गेली, घर सोडलं, सामान गोदामात ठेवलं आणि भाडं भरणं जमेना. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली होती. लिलाव झाल्याचं त्यांना आमच्या चिठ्ठीनंच कळलं. बाकी वळती करून काही पैसे उरले का, हे त्यांनी गोदामवाल्याला अजून विचारलं नव्हतं. मी म्हटलं, विचारा, करार काढून बघा.

कपाटाबद्दल, फ्रिजबद्दल ते काही बोलले नाहीत. फोटो पाठवाल का, एवढं म्हणाले. भाच्यानं दुसऱ्याच दिवशी कुरिअर केले, वरचे पैसे स्वतः भरले.

"आणि परात?" मी विचारलं.

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, आम्ही दोघं नोकरीवाले, पोळ्या बाहेरून येतात. तुमच्याकडे कणीक मळली जाईल ना? मग राहू द्या तुमच्याकडेच. आईला आवडलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यात पहिल्यांदा कणीक भिजवली. सहा माणसांची होते, वर दोन पोळ्या उरतात. घासताना काठाकडं हात जरा हलका ठेवते.